रेषेबाहेरचं तापमान

१९ मे २०६३ रोजी दुपारी तीन वाजता अकोल्याचं तापमान ४७ अंश होतं. त्याच वेळी पिंजारी गल्लीत ते ५१ होतं. ही गल्ली शहराच्या मधोमध आहे. तिथे भट्टी नाही, कारखाना नाही. त्या दुपारी कुणी चूलसुद्धा पेटवली नव्हती. मग हे जास्तीचे चार अंश आले कुठून?

त्या दुपारी गल्लीतल्या रुबीना शेखची नानी उष्माघाताने (शरीराला आपली उष्णता बाहेर टाकता न आल्याने) वारली. ती ७१ वर्षांची होती.

गल्लीला लागून एक उंच भिंत आहे. भिंतीपलीकडे प्रभाग सात. तिथल्या घरांत त्या दुपारी २६ अंश होते. रुबीनाच्या वर्गातली यशोधरा तायडे तिथे राहते. ‘उद्याचं शहर’ या शालेय स्पर्धेत तिच्या गटाचा आराखडा पहिल्या फेरीत पहिला आला होता. त्यातलं शीतयंत्र तिच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, तयार केलं होतं. आबा उष्णतेचे शास्त्रज्ञ. यंत्राची चाचणी म्हणून एक मेपासून ते प्रभाग सातमध्ये चालू होतं. अंतिम फेरी तीस मेला होती. जिंकणारा आराखडा शहरातल्या चाळीस प्रभागांत उभा राहणार होता.

दहा दिवसांनी यशोधरा रुबीनाला भेटायला गेली. रुबीना दारात बसली होती.

“ये. भिंतीला टेकू नको, भाजशील.”

यशोधरा अवघडून बसली.

“तुमच्याकडे दुपारी चादर घ्यावी लागते म्हणे?” रुबीनाने विचारलं.

यशोधराने ‘हो’ म्हटलं.

“नानी विचारे, त्या भिंतीत जाळ्या कायच्या बसवल्या? मी म्हटलं, यशोच्या आबांची मशीन आहे, थंड करते. त नानी म्हणे, थंड करते त मंग फूक गरम कशी मारते?”

यशोधरा उठली. तिने जाळीपुढे हात धरला आणि लगेच मागे घेतला.

घरी येऊन तिने नानीचा प्रश्न जसाच्या तसा आबांना विचारला. आबा उठले. मग तिला फ्रिजपाशी घेऊन गेले.

“मागे हात घाल.”

“गरम आहे.”

“आत भाजी थंड, मागे हात गरम. असं का?”

“आतली उष्णता मागून बाहेर येते?”

“हो. थंडी तयार करता येत नाही, पोरी. उष्णता फक्त हलवता येते. आपलं यंत्र म्हणजे उष्मापंप (उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी ढकलणारं यंत्र). घरातून तीन भाग उष्णता काढायची, तर एक भाग वीज लागते. ती वीजही शेवटी उष्णताच होते. मग बाहेर किती पडते?”

“चार.” ती थांबली. “म्हणजे काढली त्याहून जास्त?”

“नेहमीच. मोकळ्या मैदानात वारा ती घेऊन जातो. अरुंद गल्लीत वारा शिरत नाही. वर पत्रे तापलेले. ती तिथंच साठते.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“उष्णता बाहेर जाते, हे माहीत होतं.” आबांनी चष्मा काढला. “त्या ‘बाहेर’ कुणी राहतं, हे मी कागदावर काढलं नव्हतं.”

“मग मापीला कसं कळलं नाही?”

मापी हा स्पर्धेचा परीक्षक यंत्रमानव. आराखड्याच्या छोट्या प्रतिकृतीवर तप्त दिवे लावायचे आणि आतलं तापमान मोजायचं, हे त्याचं काम. नियमानुसार तो लाल रेषेच्या आत मोजायचा. लाल रेषा म्हणजे प्रभागाची हद्द.

यशोधरा टेबलावरच्या आपल्या प्रतिकृतीपाशी गेली. तिच्या गटाने पुठ्ठा हद्दीच्या भिंतीपाशीच कापला होता. जाळ्यांची तोंडं टेबलाच्या कडेबाहेर होती. त्यांच्यापुढे काहीच नव्हतं.

“आबा, हे मी उद्या सांगितलं तर आपण हरू.”

“हरू. आणि यंत्र बंद झालं की अख्खा प्रभाग माझ्या नावाने बोटं मोडेल. तू ठरव. मी माझं ठरवलंय.”

तीस मेला यशोधराने प्रतिकृतीला आणखी एक पुठ्ठा जोडला. त्यावर काडेपेट्यांची घरं होती, वर डब्याच्या पत्र्याची छपरं. मोजमापं रुबीनाने स्वतः गल्लीत फिरून घेतली होती. दिवे लागले. यंत्र सुरू झालं.

“प्रभागातलं तापमान २६ अंश. उत्तम,” मापी म्हणाला.

“आता इथलं मोज,” यशोधराने काडेपेट्यांच्या घरांकडे बोट दाखवलं.

“रेषेबाहेरचं मोजमाप गुणांत धरलं जात नाही.”

“धरू नको. पण मोज.”

मापीने हात लांबवला. फलकावर आकडा उमटला. ५१.

यशोधराने आराखडा मागे घेतला. दुसऱ्या दिवशी आबांनी यंत्र बंद केलं. प्रभाग सातमधल्या घरांत उकडायला लागलं. शेजारच्यांनी आबांशी बोलणं टाकलं.

दोघी मुली आबांसोबत पुन्हा कामाला लागल्या. या वेळी प्रश्न उलटा होता. उष्णता बाहेर कशी फेकायची याऐवजी, ती आत येऊच कशी द्यायची नाही? आत न आलेली उष्णता कुणाच्या दारात टाकावी लागत नाही. त्यांनी छपरांना, गल्लीतल्या पत्र्यांनाही, चुना दिला. पांढरा रंग ऊन परतवतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना कापडी छत बांधलं, खाली कडुनिंबाची रोपं लावली. खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लावल्या. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून आत येणारी हवा गार होते. घरं २६ अंशांवर आली नाहीत. दोन्ही बाजूंना ३४ वर थांबली.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या नियमपत्रात एक ओळ वाढली होती : ‘मोजमाप हद्दीच्या दोनशे मीटर बाहेरपर्यंत घेतलं जाईल.’

१९ मेला दुपारी मापी त्यांचा नवा आराखडा तपासायला पिंजारी गल्लीत आला. “तापमापक कुठे ठेवू?” त्याने विचारलं.

रुबीनाने भिंतीलगतची जागा दाखवली. “इथं. नानीची खाट इथंच राहे.”

मापीने तापमापक तिथे ठेवला. “४६ अंश. शहराइतकंच.”

“शहरातच त आहे आमची गल्ली,” रुबीना म्हणाली. “लिही.”