दोन वाजताचा हँडओव्हर

लेकीला आणायला जायचं होतं, म्हणून त्या दिवशी मी डबा नेला नव्हता. माझी ड्यूटी दोनला संपणार, तिचं विमान सव्वातीनला उतरणार, मग घरी जाऊन उशिरा का होईना तिघांनी एकत्र जेवायचं, एवढा साधा बेत. ऑफिस विमानतळाच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नुसतं खाली उतरायचं आणि बाहेर येणाऱ्यांच्या दाराशी उभं राहायचं.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान पायलट चालवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते कुठल्या वाटेनं जाईल, किती इंधन घेईल आणि हवा बिघडली तर दुसऱ्या कुठल्या विमानतळावर उतरेल, हे जमिनीवर बसून आम्ही ठरवतो. कागदावर पायलटच्या सहीशेजारी आमचीही सही असते. आमच्या हॉलला खिडकी नाही. ज्यांनी दिवसभर आभाळाचा विचार करायचा, त्यांना आभाळ दिसू नये, ही कुणाची अक्कल देव जाणे. आत कायम ट्यूबलाइट, एसीची घूं घूं आणि कार्पेटचा दमट वास.

दोनला पाळी बदलते. जाणारा येणाऱ्याला हवेतलं एकेक विमान तोंडी सांगतो. कुठे आहे, इंधन किती, अडचण काय. सगळं ऐकून येणारा म्हणतो, "घेतलं." तोपर्यंत विमान जाणाऱ्याचं. पुढे ते उतरलं की ज्यानं घेतलं असेल त्यानंच यादीतून मिटवायचं. 'घेतलं' ऐकलं की खांदे हलके होतात आणि पाय आपोआप दाराकडे वळतात, ही माझी तीस वर्षांची सवय.

आता मास्तरांचं सांगतो. टाळून चालणार नाही.

मास्तर आमच्यातले सगळ्यात जुने. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. एसीनं त्यांना बारमाही सर्दी, त्यामुळे रुमालावर कायम निलगिरीचं तेल. हँडओव्हर सुरू करायच्या आधी पेन्सिल टेबलावर दोनदा टेकवायचे. कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते आम्हाला विसरू देत नसत. माझी इंधनाची बेरीज चुकली की भर हॉलमध्ये म्हणायचे, "अरे, दोनदा बघत जा. वर माणसं बसलीयत." त्यांचं बरोबर असायचं, म्हणूनच मला जास्त झोंबायचं. मी मनात डूख धरून होतो, हे आज कबूल करतो.

आठ वर्षांपूर्वी एका दुपारी दोन वाजता त्यांनी मला सात विमानं सांगितली. पाचव्याला पुढे धुकं होतं, आणि त्याचा पर्यायी विमानतळ धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी चारला बंद होणार होता. तशी सूचना दहा मिनिटांपूर्वीच आली होती. मास्तरांनी ती वाचून 'वाचली' अशी खूण केली, त्यामुळे ती माझ्या स्क्रीनवरून गेली. ते म्हणाले, "तीनच्या आत त्यांना कळव. दुसरीकडे जा म्हणावं." त्याच वेळी माझ्या फोनवर लेकीच्या परीक्षेचा निकाल आला होता. पहिली आली होती. मी फोनकडे बघत म्हणालो, "घेतलं." आणि विसरलो.

ते विमान धुक्यातून परतून त्या बंद विमानतळावर गेलं. इंधन संपत आलेलं, दुसरीकडे जायची सोय उरली नव्हती. धावपट्टीवर दुरुस्तीचा ट्रक उभा होता. एक पायलट गेला आणि दोन मजूर गेले.

रजिस्टरवर घेणाऱ्याची सही लागते, पण आम्ही सगळेच सह्या घरी जाताना ठोकायचो. रकाना कोरा होता. चौकशीत मी सरळ कानांवर हात ठेवले. म्हणालो, मास्तर काही न सांगता निघून गेले. सूचना त्यांनी वाचल्याची खूण होतीच. मास्तर एवढंच म्हणाले, "यानं घेतलं म्हटलं होतं." कोणी विश्वास ठेवला नाही. त्यांचं लायसन्स गेलं आणि चौदा महिन्यांत तेही गेले. सुंठीवाचून खोकला गेला, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं. माणूस किती हलकट असू शकतो, ते मी आरशात बघून सांगू शकतो.

त्या अपघातानंतर टेबलावर एक छोटा मायक्रोफोन बसला. सगळं ऐकतो आणि मागाहून नेमकं बाहेर काढतो, म्हणून त्याचं नाव सासू. शिवाय ड्यूटी संपली की स्क्रीन आपोआप बंद. पुढे मी शिफ्टचा प्रमुख झालो.

त्रास सुरू झाला तो गेल्या महिन्यात. माझ्यानंतर जी मुलगी येते तिला सगळे घाई म्हणतात, कारण ती जिनासुद्धा दोन-दोन पायऱ्या चढते. पण कामात पक्की. एका संध्याकाळी तिचा घरी फोन आला. "सर, सहावं विमान तुम्ही मला सांगितलंच नाही."

मी सांगितलं होतं. शब्द न् शब्द आठवत होता. दुसऱ्या दिवशी सासू लावून ऐकली. पाच विमानं माझ्या आवाजात स्वच्छ. मग अकरा सेकंद नुसती एसीची घूं घूं. मग सातवं विमान.

असं आणखी दोनदा झालं. साहेबांनी बोलावून वयाची आठवण करून दिली. मी संतापलो, कारण तीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलो होतो आणि कालची पोरं माझ्याकडे कीव करून बघत होती. बोललेलं कोणी ऐकलंच नाही म्हणतं, तेव्हा कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळत होतं.

तर तो दिवस. लेकीचं विमान माझ्याच यादीत होतं. पावणेदोनला इथे वादळ चढायला लागलं, आणि दोनला आठ मिनिटं कमी असताना सूचना आली. तिच्या विमानाचा पर्यायी विमानतळ तीनपासून बंद.

विमान समुद्रावर होतं, सव्वादोनशिवाय त्याच्याशी संपर्क होणार नव्हता. दोनला माझी स्क्रीन बंद झाली. शेजारच्या खुर्चीत घाई येऊन बसलेली दिसली, एसीमुळे ती नेहमी गुंडाळते तशी शाल डोक्यावरून घेतलेली. मी कागदावरून वाचत गेलो. लेकीचं विमान दोनदा सांगितलं. सव्वादोनला कळव, उत्तरेकडच्या विमानतळावर जायला सांग, इंधन पुरतं, पण आत्ताच ठरवलं तर.

पेन्सिल दोनदा टेबलावर टेकली. निलगिरीचा वास आला. पोरीला सर्दी झालेली दिसते, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"घेतलं..." अगदी हळू आवाज. "तू जा."

आणि माझे खांदे हलके झाले. घाई मला कधी 'तू' म्हणत नाही, हे कळेपर्यंत मी जिना उतरून खाली आलो होतो. तरी वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. विमान आता उशिराच येणार हे ठाऊक असूनही दाराशी उभा राहिलो. तीनला दहा कमी असताना समोरून घाई धावत आली. केस ओले, खांद्याला पर्स.

"सर, सॉरी, बस बंद पडली. मी दीडलाच फोन करून ठेवला होता... टेबलावर कोण आहे?"

माझी पाचावर धारण बसली. आम्ही दोघं वर पळालो. खुर्ची रिकामी होती. स्क्रीन मात्र चालू होती आणि दोन वाजून सोळा मिनिटांनी विमानाला निरोप गेलेला होता. 'ठरलेला पर्याय बंद. उत्तरेकडे जा. इंधन पुरेल. आत्ताच ठरवा.' इतकी तुटक, नेमकी वाक्यं आमच्या हॉलमध्ये एकच माणूस लिहायचा. खाली पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

विमान उत्तरेला उतरलं, वादळ सरल्यावर सहा वाजता इथे आलं. लेक बाहेर आली तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो. मला वाटलं, मास्तरांनी माफ केलं. विमान पाडणं त्यांच्याच्यानं मेल्यावरही झालं नसतं. वैर असलं तरी आधी काम, अशी त्या माणसाची जात.

टॅक्सीत लेक कमरेपाशी काहीतरी चाचपत होती. घरी आल्यावर ताठ बसून राहिली, पुन्हा पुन्हा आवंढा गिळत.

"कानाला दडे बसलेत का गं?" बायकोनं विचारलं.

"हो. बाबा, उतरायला अजून किती वेळ आहे?"

आम्ही हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच. बोलते, थोडं खाते, आईला ओळखते, पण उठून उभी राहायला तयार नाही. पट्टा सोडायला सांगितलेला नाही म्हणते. डॉक्टरांनी कान तपासले, डोकं तपासलं, धक्का बसलाय म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात यादी उघडली. तिच्या विमानाच्या ओळीपुढे अजून 'हवेत' असंच होतं. ते विमान त्यानंतर चार फेऱ्या करून आलं होतं. घाईनं ओळ मिटवायचा प्रयत्न केला, मी केला, यंत्रवाल्यांनी केला. ओळ हलेना. ज्यानं घेतलं त्यानंच मिटवायचं असतं.

त्या रात्री लेक म्हणाली, "पायलट म्हणाले, चाळीस मिनिटं."

त्या विमानाचे कागद मीच केले होते. उतरल्यावर टाकीत किती इंधन शिल्लक राहील, हे मीच लिहिलं होतं. चाळीस मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली एकतीस. मग बावीस.

मी साहेबांकडे गेलो आणि खरं सांगितलं. "त्या दिवशी मी घेतलं म्हणालो होतो. मास्तर खरं बोलत होते." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमची मुलगी आजारी आहे, तुम्ही थकलायत. ती फाइल बंद झालीय. आता ती कोणी उघडायची?" मग मी सासूसमोर बसून तेच तीनदा म्हणालो, मोठ्यानं, तारीख-वेळेसकट. घाईनं लावून ऐकवलं. एसीची घूं घूं होती, दुसरं काही नव्हतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, घरी जा तुम्ही."

आज सकाळी लेक म्हणाली, चार.

म्हणून मी मास्तरांच्या घरी गेलो. दुपारची वेळ. वहिनींनी दार उघडलं, ओळखलं, बसा म्हणाल्या. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्या घालत राहिल्या. मी सगळं सांगितलं. निकालाचा फोन, कोरा रकाना, चौकशीतलं माझं खोटं, लेक. शेवटी हात जोडले.

"वहिनी, मास्तरांच्या वतीनं एवढंच म्हणा, की माझं बोलणं तुम्ही घेतलं. मग ते तिला सोडतील."

त्यांनी हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली.

"भावोजी, ते गेले त्याच्या आधीचे चौदा महिने. रोज दोन वाजता ह्या इथे बसून मला ती सात विमानं सांगायचे. एकही चुकायचं नाही. शेवटी विचारायचे, घेतलंस ना? मी रोज म्हणायचे, घेतलं. तापात होते तेव्हासुद्धा. शेवटच्या दिवशीसुद्धा."

"म्हणूनच तर तुमच्याकडे आलो..."

"तुम्ही फार उशिरा आलात." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय तरी धरले असते. "तुम्ही आत्ता बोललात ते मी ऐकलं. पण घेतलं नाही. माझ्याकडे जागा नाही उरली."

त्यांनी दुसरी चादर उचलली. तेवढ्यात माझा फोन वाजला. बायको होती. तिच्या आवाजामागे एक जड, एकसुरी घरघर येत होती, आमच्या दोन खोल्यांच्या घरात कधी न ऐकलेली. विमानाच्या आत बसलं की पायांखालून येते तशी.

"अहो, कुठे आहात? पोरीचा चेहरा बघा एकदम कसा उजळलाय. मघापासून खिडकीतून खाली बघतेय, आपलं घर दिसतंय म्हणते..."

"तो आवाज कसला येतोय?" मी विचारलं.

"कसला आवाज?"

आणि ती घरघर बंद पडली. आधी डाव्या इंजिनाची, मग दोन-तीन सेकंदांनी उजव्याची.

"ऐकलंत का?" बायको हसत म्हणाली. "ती म्हणतेय, बाबांना सांग, किती छान शांत झालं इथे."