पाण्याने ओ दिली

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. पण जिच्या बाबतीत घडली ती दिपमाला माझ्या शेजारच्या घरात राहते, आणि ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही.

धुळे. मागच्या वर्षीचा पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार.

हो, दुपारच. भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं?

दिपमाला एका दवाखान्यातल्या विषाणूंच्या लॅबमध्ये काम करते. अमावास्येला मुद्दाम नखं कापणारी बाई! भुताखेतांचं नाव काढलं की खो खो हसायची.

त्या दिवशी मात्र तिला हसू सुचत नव्हतं. वरच्या वॉर्डात तिच्या बहिणीचा, कोकिळाचा, मुलगा बेशुद्ध पडला होता. पिंपळनेरकडच्या गावातून त्याला आणलं होतं. मेंदूज्वर. डास चावल्याचं निमित्त.

पोराचं नाव उखर्डू.

त्याच्या आधीची दोन बाळं कोकिळाच्या मांडीवरच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा सासूने, धुरपदाबाईने, त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि सूपभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं. टाकलेलं पोर काळ कशाला नेईल? खरं नाव होतं योगेंद्र. पण ते पाळण्यात आत्याने कानात सांगितलं तेवढंच. दोन्हीकडच्या मोठ्यांना ते ठाऊक होतं, पोराला मात्र नाही.

"त्यानं खरं नाव कोनीबी लेवानं नही," म्हातारी वॉर्डाच्या दाराशी बसून प्रत्येकाला बजावत होती.

दिपमाला पोराच्या मणक्यातून काढलेला द्रव घेऊन खाली लॅबमध्ये आली.

डासांतून येणाऱ्या विषाणूंची कुळं असतात. डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर एका कुळातले. त्यांचं वरचं कवच गुळगुळीत. चिकनगुनियाच्या कुळाला वर काटे. तिसऱ्या कुळाच्या जनुकांचे तीन तुकडे असतात. हे डोळ्यांना दिसत नाही. मग प्रत्येक कुळाचा प्रायमर टाकून बघायचं. दिपमाला सांगते, "प्रायमर म्हणजे नावाने मारलेली हाक. आत तो असेल तर ओ देतो." ओ दिली की मशीनच्या पडद्यावर रेष वर चढते.

शेवटच्या नळीत मात्र नुसतं शुद्ध पाणी ठेवतात. आपल्या हातून काही मिसळलं तर नाही ना, हे कळावं म्हणून. तिथून ओ यायची नसते.

तिने मशीन लावलं. दार आतून बंद होतं. जेवणाची सुट्टी, बाहेर चिटपाखरू नव्हतं.

पहिलं कूळ... गप्प.

"मावशी..."

दाराबाहेरून आवाज आला. लहान मुलाचा. तिने दाराकडे पाहिलं. मग ती स्वतःवरच चिडली. पोर तर वर बेशुद्ध! कान वाजले असतील.

दुसरं कूळ... गप्प.

"मावशी..."

आता आवाज रडवेला होता. तिने खुर्ची मागे सरकवली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

तिसरं कूळ... तेही गप्प.

"मावशी... दार उघाड ना..."

तिने ओ दिली नाही.

मग सगळं शांत झालं. पंख्याचाही आवाज येईना.

आणि पडद्यावर एक रेष वर चढू लागली.

पाण्याची.

जिथे कुणीच नव्हतं, तिथून ओ आली होती.

ती तशीच जिना चढून वर धावली. पोर पांढरंफटक पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "नावाने हाक मारा, बघू प्रतिसाद देतो का." कोकिळा "उखर्डू, उखर्डू" करून थकली. पापणीसुद्धा हलेना.

दिपमालाचा धीर सुटला. ती त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "योगेंद्र!"

"ओ," पोर म्हणालं.

एका हाकेत. डोळे टक्क उघडे.

कोकिळाने त्याला छातीशी धरलं. धुरपदाबाई मात्र भिंतीला टेकली. "माय... तू कोनले हाक मारी?"

दिपमालाने तिला बाजूला नेऊन खालचा सगळा प्रकार सांगितला.

"किती हाका मार्‍यात त्यानी?"

"तीन, अक्का."

म्हातारीने वळून खाटेवरच्या पोराकडे पाहिलं.

"भूत एकच हाक मारस, पोरी. तीन हाका मानूसच मारस. मंग दारले जो व्हता... तोच आपला पोऱ्या व्हता."

रिपोर्टवर 'नमुना दूषित' असं लिहून दिपमालाने तो विषय मिटवला. परत टेस्ट केली तेव्हा पाणी गप्प होतं. पोर बरं होऊन घरी गेलं. शाळेत जातं, चांगलं जेवतं. कोकिळा खूश आहे, तिला कोण काय सांगणार?

फक्त उखर्डू म्हणून कितीही हाक मारा, ते मान वळवत नाही. योगेंद्र म्हटलं की पहिल्या हाकेला ओ देतं.

धुरपदाबाई त्याच्या ताटात वाढते, पण त्याच्याकडे बघत नाही.

आणि दिपमाला? जेवणाची सुट्टी झाली की ती लॅबचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहते. मी एकदा विचारलं, कशासाठी? ती रडायलाच लागली.

म्हणाली, "तो परत आला तर पहिल्याच हाकेला ओ देईन गं."

अजून हाक आलेली नाही.