नऊशे मिलिलिटर

शनिवारी सकाळी दहा वाजता मी माझा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा निजवला आणि बाबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मी त्यावर इमारतींच्या ॲनिमेशन फिल्म बनवते. काम तासाभराच्या पुढे गेलं की मशीन तापून बंद पडायचं, आणि सोमवारी एक मोठं काम द्यायचं होतं. म्हणून ते पाण्याने थंड करायचं, आणि सगळी जोडणी आपणच करायची, असा मी हट्ट धरला. बाबा पाणीपुरवठ्यात चाळीस वर्षं पाइप जोडून निवृत्त झालेले. "एवढंसं नळकाम?" असं म्हणाले खरे, पण डोळे लकाकत होते.

"टेबलावर पाणी सांडलं तर दोघांनी उभ्याने जेवायचं," असं बजावून आई बाहेर गेली.

प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसला, पुढे पाणी निववणारा रेडिएटर, कोपऱ्यात पंप आणि त्यावर काचेची उभी टाकी. पारदर्शक नळ्या बाबांनी गरम हवेने इतक्या सुबक वाकवल्या की मी टाळ्याच वाजवल्या. प्रत्येक भागाचं माप मी आधीच मांडलं होतं. सगळं मिळून नऊशे मिलिलिटर पाणी मावणार. मशीन उभं करून सांध्यांखाली टिश्यू पेपर पसरले. गळती तपासेपर्यंत वीज फक्त पंपाला.

पंप गुरगुरला. पाणी नळ्यांमधून सरसरत गेलं.

"धावलं बघ, ठमे!" बाबा ओरडले.

एक लिटरची पहिली बाटली संपली. टाकी अर्धीच.

"माप चुकलं तुझं," बाबा खुशीत म्हणाले. दुसरी बाटली ओतली. पातळी चढली आणि सावकाश खाली आली. तिसरीचंही तेच. टिश्यू पेपर कुरकुरीत कोरडे. खाली फरशी कोरडी. खरं सांगते, मला भीती वगैरे वाटलीच नाही. असं कोडं कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं.

मी वजनकाटा आणला. त्यावर मशीन ठेवून चौथी बाटली ओतली. आकडा वाढला. मग आमच्या डोळ्यांदेखत थोडा थोडा उतरत पहिल्या जागी आला.

"बाबा, हे पाणी जातंय कुठे?"

मी पंप बंद केला. गुरगुर थांबली.

पातळी उतरतच राहिली.

बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक तांब्याच्या ठोकळ्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. रस्त्याखालच्या गळत्या ते अशाच शोधायचे. ते बराच वेळ तसेच वाकून होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी तिथे कधी पाहिलं नव्हतं.

"अजून आहे का पाणी?"

"एक बाटली आहे. काय ऐकू येतंय?"

"ओत आधी," ते हळू आवाजात म्हणाले. "मध्ये थांबू नकोस."

मी ओतली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

मी कान लावला.

खूप लांबवर पाण्याची बारीक धार एका भांड्यात पडत होती. भांडं भरत आलं की आवाज चढतो, तसा तो चढत गेला. मग धार थांबली. भांडं उचललं गेलं. ओझ्याने जड झालेली अनवाणी पावलं दूर गेली.

मी टाकीकडे पाहिलं. पातळी स्थिर होती.

"थांबलं, बाबा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "ऐक."

मी पुन्हा कान टेकवला. श्वास रोखला.

रिकामं भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

टाकीतलं पाणी उतरू लागलं.

आणि त्या भांड्यामागे, एकामागून एक, आणखी कितीतरी रिकामी भांडी पुढे सरकली.