कापडाखालची मिशी

"स्टूल नीट धर. मी पडली तर पुतळ्यावरच पडीन," दीक्षा दबक्या आवाजात म्हणाली.

"दीदी, जल्दी कर ना. धर्मपाल काका आ जाएंगे." दहा वर्षांच्या यशदीपनं दोन्ही हातांनी स्टूल आवळलं. बहिणीची मराठी त्याला सगळी समजायची, पण उत्तर मात्र त्याच्या तोंडून हिंदीतच निघायचं. विहाराच्या फाटकाशी लोकेश सायकलला टेकून राखण करत होता. लोकेश दीक्षाच्या वर्गातला, घरी इथलीच बोली बोलणारा. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवातल्या कारखान्यांच्या भोंग्यांवरून वेळ सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

विहाराच्या अंगणात नवा कोरा चौथरा होता आणि चौथऱ्यावर निळ्या कापडात गुंडाळलेला सावित्रीबाई फुल्यांचा अर्धपुतळा. आज दुपारी चार वाजता त्याचं अनावरण होतं. खरं तर सावित्रीबाईंची जयंती तीन जानेवारीला. पण त्या दिवशी पाहुणे म्हणून येणाऱ्या पुढाऱ्यांना वेळ नव्हता, म्हणून धर्मपाल काकांच्या कमिटीनं सत्तावीस डिसेंबरलाच कार्यक्रम उरकायचं ठरवलं होतं. जयंती पाहुण्यांच्या सोयीनं सरकते, हे दीक्षाला या सुट्टीत नव्यानंच कळलं.

काल संध्याकाळी वारा सुटला आणि कापड पुतळ्याला घट्ट चिकटलं, तेव्हा ती चमकली होती. मूर्तिकारानं आजीच्या फोनवर पाठवलेला फोटो तिला तोंडपाठ होता. डोक्यावर पदर, छातीशी धरलेलं उघडं पुस्तक. कापडाखाली मात्र पुस्तकाचा उंचवटाच नव्हता, आणि डोकं भलतंच मोठं दिसत होतं.

"पेंढा भरला असन पॅकिंगमंधी," धर्मपाल काका म्हणाले होते.

पॅकिंग अजून होतंच! जयपूरहून पुतळा आला तो पेंढ्यात आणि गोणपाटात बांधलेला. उघडला तर लोक पाहतील, मग अनावरण कसलं? म्हणून काकांनी तो गोणपाटासकट सिमेंटमध्ये बसवला आणि वरून निळं कापड चढवलं. कमिटीत अकरा शहाणी माणसं होती, पण आत काय आहे ते बघावं असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

दीक्षानं कापडाखालून हात घातला. गोणपाटाची शिवण एका जागी उसवली होती. बोटं पेंढ्यातून आत सरकली. थंडगार संगमरवर, मग हनुवटी, मग ओठ. ओठांच्या वर तिची बोटं थबकली. तिनं पुन्हा चाचपून पाहिलं, डावीकडे आणि उजवीकडे.

"यश," ती खाली बघत म्हणाली, "मिशी आहे."

"किसकी?"

"सावित्रीबाईची!"

तेवढ्यात लोकेशची शीळ ऐकू आली, पण उशीर झाला होता. हातात फुलांच्या माळा घेऊन धर्मपाल काका फाटकात उभे होते.

"उतर खाली! काय करून राहिली तू?"

"काका, हा पुतळा दुसऱ्या कोणाचा आहे. मिशी आहे त्याले. तुम्हीच हात लावून पाहा ना."

"पदराची किनार असन ती. आन हे पाह्य, कापड पाहुण्याच्याच हातानं निघन. त्याच्या आधी कोणी बोट लावलं, तर मी आहो आन तो आहे. पळा!"

दीक्षा पळाली नाही. चालत गेली, तेही मुद्दाम सावकाश.

तिच्या डोळ्यांसमोर सरला आजी होती. आजी महिला मंडळाची अध्यक्ष. वयाच्या पन्नासाव्या वर्षी पाटी हातात धरून ती वाचायला शिकली, आणि तेव्हापासून अकरा वर्षं कमिटीच्या मागे लागली होती की जिनं आम्हाला अक्षर दिलं तिचा पुतळा विहारात पाहिजे. दर वर्षी उत्तर एकच, पुढच्या वर्षी पाहू. शेवटी बायकांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली आणि स्वतःच काम तडीला नेलं. आता भर मंडपात मिशीवाला पुतळा निघाला, तर हसं कमिटीचं होणार नव्हतं. 'बायकांच्या कामात असंच होते,' एवढं एक वाक्य काका बोलले असते, आणि आजीची अकरा वर्षं मातीत गेली असती. हे होऊ द्यायचं नाही, असं दीक्षानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

आजी पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. दीक्षानं सगळं सांगितलं. आजीनं इस्त्री बाजूला ठेवली.

"खात्री आहे तुले?"

"हात लावून पाह्यलं मी. पण काका म्हणतात, बोट लावलं तर..."

"शेणमाती अंगावर घेऊन शाळेत गेली ते सावित्री. झोळीत दुसरं लुगडं ठेवे. आन तू धर्मपालले भेऊन राहिली?" आजीनं गादीखालून कागदांची पिशवी काढली. "ही घे बिल्टी. मालाची पावती. भनपुरीच्या गोदामातून आला होता पुतळा. जा, चार वाजायच्या आत ये."

दोन सायकली आणि तीन पोरं. यशदीप लोकेशच्या मागे बसला. भनपुरीचा रस्ता म्हणजे ट्रकांचं राज्य. पण लोकेशला गल्ल्याबोळ पाठ होते. अर्ध्या तासात ते धुळीनं माखून गोदामात उभे राहिले.

गोदामाचे मुन्शीजी पान चघळत होते. बिल्टी पाहून ते म्हणाले, "हां, मूर्ति। दो आई थीं, एक ही गाड़ी में। एक बीरगांव गई, दूसरी वो पड़ी है।"

कोपऱ्यात तसंच गोणपाटाचं गाठोडं उभं होतं, थोडं लहान.

"कौनसी किसकी, आपको कैसे पता चला?" लोकेशनं विचारलं.

"पर्ची तो रास्ते में फट गई थी," मुन्शीजी शांतपणे म्हणाले. "मैंने दिमाग लगाया। शहरवाले हमेशा बड़ी मूर्ति मंगाते हैं। तो बड़ीवाली बीरगांव, छोटीवाली गांव।"

 एवढा मोठा घोटाळा, आणि तो मुन्शीजींच्या डोक्यानं केलेला!

"खोलकर देख लेते ना," यशदीप म्हणाला.

"पार्टी का माल हम नहीं खोलते। हटो, सील नहीं टूटनी चाहिए।"

सील तुटायला नको होतं, पण हाताला सील नसतं. मुन्शीजी पान थुंकायला वळले तशी दीक्षानं गोणपाटाच्या तोंडातून हात आत सारला. पेंढा टोचला. मग एक सरळ कड लागली, तिच्याखाली दुसरी, तिसरी. पानं होती ती, दगडात कोरलेली पुस्तकाची पानं. हात आणखी वर गेला तेव्हा पदराची घडी लागली, आणि कपाळावर छोटासा गोल.  जिच्यासाठी आजी अकरा वर्षं झटली, ती इथं गोदामात पोत्यांमागे उभी होती.

"हीच आहे," ती म्हणाली. "मुन्शीजी, गांववालों को फोन लगाइए। अभी।"

"कल आएंगे वो।"

"कल तक बहुत देर हो जाएगी। आप नहीं लगाएंगे तो हम यहीं बैठेंगे." आणि तिघं खरंच वजनकाट्यावर मांडी घालून बसले. काट्यावर माल चढेना आणि हमाल हसायला लागले, तेव्हा मुन्शीजींनी वैतागून फोन लावला.

तासाभरानं ट्रॅक्टर आला. त्यावरून धिप्पाड बांध्याच्या, पदर खोचलेल्या एक बाई उतरल्या. त्या गावच्या सरपंच, बिसाहिन दीदी. दीक्षाचं ऐकून घेता घेताच त्यांनी कमरेचा विळा काढला आणि गोणपाट उभं फाडलं.

"दीदी, सील!" मुन्शीजी ओरडले.

"अपन जिनिस ल देखे बर काके लाज?" त्या म्हणाल्या. आपलीच वस्तू बघायला लाज कसली, हे लोकेशनं मराठीत सांगायचीही गरज नव्हती. पेंढा गळून पडला आणि पुस्तक धरलेल्या सावित्रीबाई उजेडात आल्या. बिसाहिन दीदींनी हात जोडले. "दाई बने हे। फेर मोर वीर नारायण सिंह कहां हे?" आई छानच आहे, पण त्यांच्या गावानं मागवलेला पुतळा वीर नारायण सिंहांचा होता.

"हमारे चौथरे पर," यशदीप म्हणाला. "सीमेंट में."

साडेतीन वाजले होते. हमालांनी पुतळा ट्रॉलीत चढवला, त्याच्यामागे सायकली चढवल्या, आणि तिघं पोरं सावित्रीबाईंना दोन्ही बाजूंनी धरून उभी राहिली. लोकेशला खात्री होती की पुढारी कधी वेळेवर येत नसतात. "नेता मन कभू टाइम म आथें का? आज तक तो नहीं आए," तो म्हणाला.

आणि तसंच झालं. ट्रॅक्टर मंडपाशी पोचला तेव्हा सव्वाचार वाजले होते. खुर्च्या भरलेल्या, माइक खरखरत होता, पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ट्रॉलीतल्या सावित्रीबाई पाहून लोक उठून उभे राहिले. धर्मपाल काका मात्र घामाघूम झाले. त्यांनी दीक्षाला बाजूला ओढलं.

"हे पाह्य बेटा, पाहुणे रस्त्यात आहेत. तो ट्रॅक्टर मागं घे म्हणाव. आज आपण कापड काढतच नाही. वरूनच हार घालू, फोटो काढू. आतलं मंग पाहू."

"म्हणजे कोणाचा पुतळा आहे ते न पाहताच हार घालायचा?" दीक्षानं मोठ्यानं विचारलं. माइक जवळच होता. प्रश्न सगळ्या मंडपानं ऐकला.

 पहिल्या रांगेतून सरला आजी उठली. इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत ती ताठ चालत चौथऱ्याशी आली.

"धर्मपाल, तू रागवू नको," ती म्हणाली. "पण आता झाकून ठेवणं पुरे झालं. दीक्षा, ओढ."

काकांनी हात वर केला. दीक्षानं त्यांच्याकडे पाहिलं आणि कापड ओढलं. लोकेशनं गोणपाटाची सुतळी कापली. पेंढा खाली आला, आणि फेट्यातले, पीळदार मिशांचे वीर नारायण सिंह बीरगांवच्या लोकांकडे रोखून बघायला लागले.

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात आजीनं माइक घेतला.

"हसता काय? सोनाखानचा जमीनदार आहे हा. दुष्काळात कोठार फोडून त्यानं भुकेल्यायले धान्य दिलं, इंग्रजायनं याच रायपुरात त्याले फाशी देल्ली. पाहुणा आला आहे आपल्या घरी. टाळ्या वाजवा."

टाळ्या पडल्या, चांगल्या दणदणीत. बिसाहिन दीदींनी पुढाऱ्यांसाठी ठेवलेला हार त्यांना घातला. पुढाऱ्यांचा फोन आला की आज जमत नाही, तेव्हा त्याकडे फारसं कुणाचं लक्षही गेलं नाही.

सिमेंट फोडायला गवंड्याला चार दिवस लागले. तोवर वीर नारायण सिंह विहारात राहिले आणि सावित्रीबाई आजीच्या पुढच्या खोलीत. शाळा उघडली तरी रोज संध्याकाळी गल्लीतली पोरं तिथंच अभ्यासाला बसू लागली. एकतीस तारखेला ट्रॅक्टर आला, ढोल वाजले आणि मिशीवाले पाहुणे आपल्या गावी गेले.

तीन जानेवारीला सावित्रीबाई चौथऱ्यावर चढल्या, बरोबर त्यांच्या जयंतीला. या वेळी कापड नव्हतं. धर्मपाल काका माइकसमोर आले.

"आम्ही अकरा जण होतो," ते म्हणाले. "बावीस डोळे. आन पाह्यलं एका पोट्टीच्या हातानं. दीक्षा, यशदीप, लोकेश, चुकलं आमचं. शाबास रे."

"मी तर गोदामातच बोललो था, खोलकर देखो," यशदीप पुटपुटला, आणि आपण अर्धं वाक्य मराठीत बोललो हे लक्षात येऊन लाजला.

आजीनं दीक्षाचा हात धरून दगडी पुस्तकावर ठेवला. "असंच करत जा," ती म्हणाली. "कोणी सांगतलं म्हणून नाही. हात लावून पाह्यचं." 

मग प्रत्येक पोराला त्या पानांना हात लावायचा होता. महिनाभरात पुस्तकाचा कोपरा मळून गुळगुळीत झाला. काकांनी तिथं 'पुतळ्यास हात लावू नये' अशी पाटी ठोकली. ती आजीनं त्याच संध्याकाळी काढली, आणि तिच्या कोऱ्या बाजूवर आता विहारातली लहान पोरं बाराखडी गिरवतात.