बोट टेकण्याआधी

लाकडी ग्लायडरच्या पंखावर प्लायवूड चिकटवलं की आत डोकावता येत नाही. मग बोटाच्या पेराने टकटक करत जायचं आणि ऐकायचं. सरसाने नीट धरलं असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटलं असेल तर बद्द. एस्टरगोम गावाच्या विमानतळाला लागून असलेल्या आमच्या कारखान्यात हे ऐकायचं काम माझं होतं. माझ्या कानांवर सगळ्यांचा भरवसा होता आणि मला त्याचा थोडा माजही होता.

त्या वसंतात आम्ही फ्लाइंग क्लबांसाठी एकाच माणसाला बसता येईल असं, स्वस्त, नवशिक्यालाही सांभाळून घेणारं ग्लायडर तयार करत होतो. त्याचं पहिलं उड्डाण माझा धाकटा भाऊ बेनेडेक करणार होता. युद्धात आईवडील गेल्यापासून मला तो एकटाच. त्यामुळे त्या पंखांवर मी जरा जास्तच टकटक करत होते.

उजवा पंख खणखणीत निघाला. डाव्याच्या मध्यावर आले, बोट उचललं, आणि टक् असा आवाज आला. बोट अजून टेकलंच नव्हतं.

पुढच्या जागी नेलं. पुन्हा आधी आवाज, मग बोट. भुताखेतांच्या गप्पांचा मला तिटकारा आहे. उन्हाने लाकूड तडतडतं, असं स्वतःला बजावत मी पुढे सरकले. टोकाजवळ मात्र आवाज बद्द आला. मग मी खरोखर ठोकून पाहिलं. तस्साच बद्द.

सुतारकामाचे प्रमुख काल्मानकाका कुरकुरतच आले आणि तेवढा तुकडा त्यांनी कापून काढला. आत सरस कोरडा पडला होता. प्लायवूड पापुद्र्यासारखं सुटून आलं. हवेत हा पंख उकलला असता.

"पोरी, हे तू नुसतं ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. आधी कोणी ठोकलं, ते मला तरी कुठे माहीत होतं?

पंख दुरुस्त झाला. सगळीकडे खणखणीत, तेही बोट टेकल्यावरच. तपासणीच्या कागदावर मी सही केली.

उड्डाणाच्या दिवशी बेनेडेक चरबी लावलेला पाव आणि कांदा चापून, पट्टे आवळून आत बसला. "ताई, आता मलाही ठोकून बघणार की काय?" तो म्हणाला. मला हसू आलं. त्याच्या छातीवर थाप मारायला मी हात पुढे केला.

बद्द.

माझा हात अजून वीतभर लांब होता.

 मी पट्टे सोडले आणि सगळ्यांदेखत त्याला बाहेर ओढलं. आधी डॉक्टर, मग उड्डाण, एवढंच म्हणत राहिले. त्याला साधा खोकलाही नव्हता. चारचौघांत माझं हसं केलंस, म्हणून तो वाटभर धुमसत होता.

विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबचे डॉक्टर ओळखीचेच. बहिणीच्या धाकाबद्दल त्यांनी त्याची थट्टा केली, सदरा काढायला लावला. पाठीवर एक बोट टेकवून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकत ते खाली येऊ लागले. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. खणखणीत. खणखणीत.

बद्द.

डॉक्टर थांबले. त्यांनी सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं.

ठोकायला उचललेलं त्यांचं बोट अजून हवेतच होतं.