प्रसूतिगृहाच्या दारात

नरसिंहरावांनी सारभाताचं ताट पुढं सरकवलं आणि ते उठले. "माझ्या नाकात मरण आहे म्हणणारी बहीण ज्या पंगतीला बसते, तिथं मला घास उतरत नाही."

सत्यवतीनं मान खाली घातली नाही. संताप तिच्या कानशिलांत ठणकत होता... याच अण्णाला विलायतेला शिकता यावं म्हणून तिनं स्वतःचं ठरलेलं परदेशी शिक्षण सोडलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ कुणीतरी राहायला हवं होतं, आणि ती राहिली. पुढं तो बेंगळुरातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहाचा मुख्य डॉक्टर झाला, आणि ती तिथंच प्रयोगशाळेत जंतू तपासणारी डॉक्टर.

त्या वर्षी तिथल्या तान्ह्या बाळांच्या अंगावर पुवाचे फोड उठू लागले. पेनिसिलिन टोचूनही ते हटेनात. मिलमध्ये काम करणाऱ्या शिवाप्पाचं लेकरू तर तिच्या डोळ्यांदेखत विझलं. तिनं सगळ्यांच्या नाकांतून कापसाचे बोळे फिरवून तपासले. नर्सांच्या, आयांच्या, डॉक्टरांच्या, स्वतःच्याही. पेनिसिलिनला न जुमानणारा तो जंतू सापडला तो एकट्या अण्णाच्या नाकात. तो स्वतः ठणठणीत होता. पण मास्क नाकाखाली ओढून पाळण्यांवर वाकायची त्याची जुनी सवय होती.

"मलम लाव, स्वल्प दिवस घरी राहा," तिनं एकांतात विनवलं होतं. तो नुसता हसला. तेव्हा तिनं प्रसूतिगृहाच्या विश्वस्तांना सांगितलं, आणि त्याला वॉर्डाची बंदी झाली. अहल्यावैनींनी तिच्याशी बोलणं टाकलं. स्वतःच्याच घरात ती परकी झाली...

अशातच हेमलताला, अण्णाच्या एकुलत्या एका लेकीला, कळा सुरू झाल्या. पोरीला आत नेलं आणि बंदी झुगारून नरसिंहराव तरातरा आले. दारात सत्यवती उभी होती.

"बाजूला हो. आत माझी मुलगी आहे."

"माझ्याही मांडीवर वाढलीय ती. म्हणूनच उभी आहे."

"मी बाप आहे, सत्या."

"शिवाप्पाही बापच होता. त्याला कुणी विचारलं?"

नरसिंहरावांचा हात उगारला गेला. ती तसूभर हलली नाही. "मार. पण आत जायचं तर मला तुडवून जावं लागेल."

हात खाली आणला तो अहल्यावैनींनी. नवऱ्याचा दंड घट्ट धरून, डोळ्यांतलं पाणी न पुसता त्या म्हणाल्या, "पुरे. एवढी ती मार खायला तयार आहे, तर खोटं बोलत नसणार. बसा इथं."

मुलगा झाला. निरोगी, गुटगुटीत, अंगावर एकही फोड नसलेला.

नातवाचं बारसं झाल्यावर नरसिंहराव प्रयोगशाळेत आले, स्टुलावर बसले. "सत्या, ते मलम दे. चुकलो मी."

इतकी वर्षं दाबलेला राग तिच्या ओठांवर आला. "नातवाला पाहून आलास, अण्णा. शिवाप्पाच्या लेकरासाठी नाही आलास."

"नाही आलो..." त्यांनी मान खाली घातली. "त्याच्या घरी जाऊन पाय धरायचेत. एकट्याला धीर होत नाही. तू येशील?"

तिनं डोळे पुसले, हात धुतले, कापसाचा बोळा घेतला.

"सरी, बरं, येईन. पण आधी हे नाक बरं होऊ दे. त्या घरात त्याच्या भावाचं तान्हं आहे."

नरसिंहरावांनी बोळ्यासाठी मान वर केली.