एकच निळा ठिपका

धोक्याची घंटा वाजली आणि संशोधन संस्थेची अख्खी इमारत जिने उतरून रस्त्यावर आली. कुणीतरी टोस्ट करपवला होता, बाकी काही नाही. बाहेर ग्लासगोचा तो चिवट, भुरभुरता पाऊस... छत्री उघडावी तर लोक हसतात, न उघडावी तर भिजायला होतं. मॉर्वेन कोटाच्या आत काहीतरी उराशी धरून उभी होती.

"आग लागली की माणसं पोरंबाळं घेऊन पळतात," शेजारचा उंच माणूस म्हणाला. "तुम्ही काय आणलंत?"

तिने चंदेरी कागदात गुंडाळलेली कुपी दाखवली. "हेच माझं पोर. उजेडात बिघडतं."

"फार लाडावलेलं दिसतंय."

"आणि तुमचं काय राहिलं वर?"

"माझी वर उबेत पोहतायत, लाखांनी. आफ्रिकेतली माशी चावली की रक्तात शिरतात ना, ते जंतू."

"झोपेच्या आजाराचे?" ती त्याच्याकडे वळली. "त्यांना मारायलाच तर मी हे बनवलंय!"

"अरेरे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "म्हणजे आपलं भांडण जन्माआधीच ठरलेलं."

त्याचं नाव रूरी. जंतू पाळायचे आणि त्यांच्यावर औषधं घालून बघायची, हे त्याचं काम. मॉर्वेन औषध घडवणारी. एकाच छपराखाली इतकी वर्षं काढली, पण भेट झाली ती करपलेल्या टोस्टच्या कृपेने.

जंतू असो की माणूस, डीएनएची वीण गोफासारखी पिळलेली असते आणि त्या पिळात एक अरुंद खाच असते. मॉर्वेनचं औषध जंतूच्या त्या खाचेत जाऊन बसायचं आणि त्याचा वंशच खुंटवायचं. निदान तिचं म्हणणं तरी तसं होतं. पण डनलॉपबाईंना नुसतं म्हणणं चालत नसे. त्या विभागाच्या प्रमुख, बोलायला फटकळ. "औषध कुठे बसतं ते डोळ्यांनी दाखव, तर गाईंवर चाचणी. नाहीतर तुझी कुपी कपाटात आणि तू दुसरं काम शोध." आजार गुरांनाही होई, म्हणून आधी गाई.

दाखवायची एक सोय होती. खाचेत बसलं की हे औषध स्वतःच निळं चमकायचं.

मग रोज दुपारी मॉर्वेन कुपी घेऊन खालच्या मजल्यावर रूरीकडे जाऊ लागली. रूरी चहा करायचा, दूध तिच्या मनासारखं थेंबभरच घालायचा. हे तिने त्याला कधी सांगितलं होतं, तिलाच आठवत नव्हतं. एके दिवशी त्याने पडद्यावर चित्र दाखवलं. वळवळ्या जंतूच्या पोटात दोन निळे ठिपके, एक मोठा, एक चिमुकला. डीएनए ठेवायच्या त्याच्या दोन्ही जागा लख्ख उजळल्या होत्या. मॉर्वेनने आनंदाने त्याचं मनगट धरलं... आणि सोडायचं विसरली.

डनलॉपबाईंना ते चित्र दाखवायची बैठक ठरली. तिच्या आदल्या दिवशी सकाळी रूरी तिच्यासमोर येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"ते चित्र खोटं आहे."

"म्हणजे?"

"नमुन्यावर काच बसवताना जो थेंब टाकतो, त्यात आधीपासूनच निळा रंग होता. आम्ही नेहमी तीच बाटली वापरतो, हाताला सवय झालीय. तो रंग कुठल्याही डीएनएला उजळवतो. तुझं औषध नसतं तरी दिसलं असतं."

"उद्या बैठक आहे, आणि तू आज सांगतोस?"

"उद्यानंतर सांगितलं असतं तर तुला माझं तोंड बघवलं नसतं."

"आत्ता बघवतंय असं वाटतं तुला?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्याच्यासमोर पुसायला ती तयार नव्हती.

"गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"गाईंना," रूरी म्हणाला.

आपल्याला खूश ठेवायला खोटं बोलणारे पुष्कळ भेटतात. आपल्याला रडवून खरं सांगणारा... हा पहिलाच. हे तिच्या मनात आलं आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

"ऊठ," ती म्हणाली. "बिनरंगाची बाटली आण. आणि या वेळी थेंब मी टाकणार."

दुपारी अंधाऱ्या खोलीत दोघं खांद्याला खांदा लावून बसले. मॉर्वेनने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. मोठ्या ठिपक्याच्या जागी काळोख. "गेलं सगळं..." मग तिने काच जरा सरकवली. "थांब — रूरी, हे बघ!"

शेपटीच्या बुडाशी तो चिमुकला ठिपका, तेवढाच, मंद निळा जळत होता.

"सगळीकडे नाही, तिथेच बसतंय," रूरी हळूच म्हणाला. "त्या जागेवाचून त्यांचं ना रक्तात चालतं, ना माशीच्या पोटात. डनलॉपबाईंना हे पुरेल."

"आधी सांगेन, पहिलं चित्र चुकलं होतं."

"चूक माझी, मी सांगेन."

"दोघं सांगू."

त्याने फोटो घेतला. खोलीत नुसती पंख्याची घरघर. तिचा हात मघापासून त्याच्या हातात होता आणि या वेळी ती विसरलेली नव्हती.

"दिवा लावू?" त्याने विचारलं.

"नको. उजेडात बिघडेल."

"फोटो झाला की. आता औषध बिघडलं तर बिघडू दे."

"औषधाचं कोण बोलतंय?" मॉर्वेन म्हणाली.